ठेंगण्या पायऱ्या

पाणी उतरलं तेव्हा घरात पोटरीभर गाळ होता. गवंडी आणि गवंडीण, दोघं नवराबायको घमेल्यांनी तो उपसून बाहेर टाकत होते, आणि सासू ओट्यावर पाय लांब करून भिंतीकडे तोंड करून बसली होती. नदीला पूर येणं गावाला नवीन नव्हतं. पण पूर खालच्या आळीत यायचा, शेतात शिरायचा आणि आल्या वाटेने निघून जायचा. या पावसाळ्यात तो पहिल्यांदाच गवंड्याच्या दाराशी आला, आणि उंबऱ्यावर थांबला नाही.

सासूचं खुब्याचं हाड मागे कधीतरी मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय आखडून राहिला. घरातल्या घरात ती भिंत धरून फिरायची. दाराबाहेर मात्र कुणाचा तरी हात लागायचा. पुराच्या दिवशी गवंडी परगावी कामावर होता. डोक्यावर विटांची चळत तोलून परांचीवर चढणारी गवंडीण, पण तिला सासू काही उचलता आली नाही. काखेत हात घातले, कमरेला मिठी मारली, शेवटी दोघी पाण्यात बसल्या. मग मदतीला आलेल्या एका धिप्पाड माणसाने म्हातारीला खांद्यावर टाकलं, पोतं टाकतात तसं. डोकं मागे लोंबतंय, कपडे गुडघ्यांच्या वर गेलेले. अख्ख्या गल्लीदेखत त्याने तिला शाळेत नेऊन ठेवलं. त्याने जीव वाचवला, त्याचे उपकारच. पण म्हातारी त्या दिवसापासून कुणाच्या नजरेला नजर देईना.

शाळेत गवंडिणीच्याही वाट्याला थोडा अपमान आला. चोहीकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. ती भांडं घेऊन रांगेत उभी राहिली. पाणी वाटणारा म्हणाला, "बाई, तुम्ही मघाशी नेलंत ना?" तिने नेलं नव्हतं. मागे उभी असलेली माणसं तिच्याकडे बघायला लागली. ती रिकामं भांडं घेऊन परत फिरली आणि सासूला म्हणाली, "संपलं."

गाळ उपसून झाला, भिंती धुऊन झाल्या, अंथरुणं वाळली. एका सकाळी सासू आपणहून बोलली.

"पुढच्या वेळी मला इथेच राहू दे. या खाटेवर."

"पुढच्या वेळी आपण कुणाच्या खांद्यावर जायचं नाही," गवंडीण म्हणाली.

"मग कशी जाणार मी? उडत?"

"ते बघते मी."

बघते म्हणाली खरी, पण काय बघायचं ते तिला तरी कुठे ठाऊक होतं. भांडी घासता घासता तिने त्या दिवशी काय काय नव्हतं ते आठवून पाहिलं. सगळ्यात आधी तहान आठवली. म्हणून तिने पाण्यापासून सुरुवात केली.

तेलाच्या दुकानातून तिने रिकामे कॅन आणले. सोडा घालून, गरम पाणी घालून घासले, उन्हात उपडे घातले, पाण्याने भरून झाकणं घट्ट लावली. काही दिवसांनी सासूला त्यातलं पाणी दिलं तर तिने चूळ थुंकली. "हे पिऊन जगण्यापेक्षा बुडलेलं बरं." तेलाचा वास काही जाईना. ते कॅन गवंड्याच्या कामावर गेले आणि गवंडिणीने पिण्याच्या पाण्याचे कोरे कॅन घेतले. मग एकदा हरभरे नि शेंगदाणे भाजून, गूळ घालून डबा भरून ठेवला. चुलीशिवाय पोटात घालता येईल असं काहीतरी हवं होतं. महिन्याभराने उघडला तर किडे. डबा नीट वाळवला नव्हता. नवी बॅटरी आणली, आत सेल घालून फळीवर ठेवली. सेल पाझरले आणि बॅटरी गंजली. गवंडी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या.

"हस की," ती म्हणाली.

"मी कुठे हसलो?"

तिने मनाशी ठरवलं, जे ठेवायचं ते अधूनमधून काढायचं, वापरायचं आणि नवं भरायचं. नुसतं ठेवलेलं सगळं कुजतं. कॅनचं पाणी झाडांना जायचं आणि कॅन पुन्हा भरायचे. डब्यातले शेंगदाणे कामावरच्या सुट्टीत दोघं खायची आणि डबा पुन्हा भरायचा. सेल वेगळ्या पिशवीत गेले. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारून सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक पाकीट तिने जास्तीचं ठेवलं. आधी जुनं संपवायचं, मग नवं ठेवायचं, हे नर्सबाईंनीच बजावलं.

शेजारी शिंपी राहायचा. जिभेला सुईपेक्षा जास्त धार. गवंडीण त्याच्याकडे ताडपत्रीचा तुकडा घेऊन गेली आणि पाणी न शिरणारी पिशवी शिवून मागितली, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, जहाज कधी सुटणार? आमचं पण तिकीट काढून ठेवा."

"आधी पिशवी शिवा, भाऊ."

"शिवतो. शिडाला कापड लागलं तर सांगा."

शिंपीण आतून म्हणाली, "गप बसा हो." पण तीही हसत होती. पिशवी मात्र त्याने नेटकी शिवली, दुहेरी टाका घालून, तोंडाशी गुंडाळी करून. तेवढं काम संपेपर्यंत गावात गवंड्याच्या घराला नाव पडलं होतं, बंदर. चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "गवंडी बंदरावर आहेत का?" गवंड्याला ते झोंबायचं. गावातल्या भिंती त्याच्या आणि त्याच्या बापाच्या हातच्या. त्याच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता बायकोपायी थट्टा.

खरी ठिणगी पडली ती विटांवरून. मागच्या खोलीवर स्लॅब होता, पुढच्या भागावर पत्रे. स्लॅबवर जायला जिनाच नव्हता; वर जायचं तर गवंडी परांचीची शिडी लावायचा. सुताराची खाट मोडकी असते ना, तसं गवंड्याच्या घराला जिना नाही. परसात विटा रचून ठेवलेल्या होत्या, त्या पुढे एक पक्की खोली काढण्यासाठी. गवंडीण म्हणाली, "या विटांचा जिना बांधू. आणि वर कठडा."

"त्या विटा खोलीच्या आहेत."

"खोली कुठे उभी राहणार? खालीच ना? खोलीत पाणी साठवायचं आहे का?"

"दर वर्षी का पूर येतो? एकदा आला म्हणून मी खोली सोडू?"

"खोली पुढच्या वर्षी बांधा. आई पुढच्या वर्षी आणखी म्हाताऱ्या होणार."

गवंडी ताटावरून उठला. त्यानंतर तो घरात मुका होऊन वावरला. पाणी हवं तर भांडं आपटायचा, कामावर जायचं तर थापी उचलून आधी निघायचा, आणि गवंडीण घमेलं घेऊन मागून यायची. कामावरही तो "माल" एवढंच म्हणायचा आणि ती घमेलं भरायची. एका संध्याकाळी तो परसात हात धुताना थांबला. भिंतीवर पुराने रेघ सोडली होती, चुना लावूनही पिवळट दिसायची. ती त्याच्या छातीच्याही वर होती. त्याने ओला अंगठा त्या रेघेवरून ओढत नेला, कोपऱ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. परसात दोरी लावून जिन्याचा पाया खणायला बसला.

जिना त्याने असा बांधला की बघत राहावं. ओळंबा लावून, प्रत्येक पायरी सारखी, कडा धारदार. शिंपीसुद्धा कुंपणावरून बघून गेला आणि काही बोलला नाही. सिमेंट पक्कं झाल्यावर गवंडी आईला हाताला धरून परसात घेऊन आला.

"चढ बघू."

सासूने चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरा पाय वर येईना. तिने हाताने मांडी धरून ओढली, तरी येईना.

"असू दे," गवंडी म्हणाला. "वेळ आली तर आम्ही उचलू."

"उचलायचंच होतं तर जिना कशाला बांधलास? गावात खांदे काय कमी आहेत?"

ती पाठमोरी झाली आणि पहिल्या पायरीवर बसली. मग मागे दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकून तिने अंग वर रेटलं. दंड थरथरले, मानेच्या शिरा फुगल्या. अंग उचललं गेलं, पण वरची पायरी राहिली बोटभर वर. ती धपकन खाली बसली. पुन्हा रेटलं. पुन्हा तेवढंच.

"थोडं कमी असतं तर जमलं असतं," ती म्हणाली.

गवंडी समजला आणि त्याचा चेहरा पडला. "आई, एवढ्या ठेंगण्या पायऱ्या कुणी बांधत नाही. जिना लांबेल. अर्धं परस जाईल. बघणारा म्हणेल, या गवंड्याला माप कळत नाही."

"बघणाऱ्याला चढायचं नाही. मला चढायचंय."

सकाळी गवंडीण उठली ती हातोड्याच्या आवाजाने. तो आपलाच जिना वरून खाली फोडत येत होता, जपून, विटा वाया जाऊ नयेत म्हणून. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि विटांना चिकटलेला माल छिन्नीने काढू लागली. दिवसभर दोघांच्या अंगावर सिमेंटची धूळ होती. दुपारी तो म्हणाला, "डबा आहे का तुझा? शेंगदाण्यांचा?" बोलणं सुरू झालं ते असं.

दुसरा जिना लांबला, परस खाऊन गेला, आणि दिसायला खरंच विचित्र होता. कुणी लहान मुलांसाठी बांधावा तसा. पण सासूचं अंग पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेलं. ती तिथे बसून राहिली आणि तिने खालच्या पायरीकडे पाहिलं.

मग ती रोज चढायला लागली. सकाळी ऊन तापायच्या आत, पाठमोरी, बसून, एकेक पायरी. सुरुवातीला तळहात सोलवटले. गवंडिणीने त्यांना चिंध्या गुंडाळल्या. काही दिवस म्हातारीचे दंड असे दुखायचे की तिला घास तोंडाशी नेता येत नसे. पण जिना चुकला नाही. ज्या दिवशी ती निम्म्यावर पोहोचली त्या दिवशी शिंपी कुंपणाशी होता.

"आजी, उलट्या कुठे निघालात?"

"वर चाललेय. पाठमोरी जाते म्हणून तुझं तोंड दिसतं, एवढंच दुःख आहे."

शिंपी खो खो हसला. गवंडिणीने पाहिलं, सासू शिंप्याच्या नजरेला नजर देऊन बोलली होती.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा स्लॅबवर कठडा झाला होता, एका कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा होता, आडोशाखाली उंच फळीवर कॅन, डबे, घोंगड्या, ताडपत्री आणि शिंप्याने शिवलेली पिशवी. गवंडिणीने फाटकाच्या खांबावर चुन्याने एक आडवी रेघ मारली. पाणी तिथे टेकलं की चर्चा नाही, वर.

पाणी आलं ते दुपारी. वरच्या अंगाला आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता, इथे नुसती झिमझिम. गवंडी नदीपलीकडे प्लास्टरच्या कामावर गेला होता. गवंडीण पीठ मळत होती. पाणी नदीकडून आलं नाही. मागच्या गटारातून आलं, गुपचूप, फुगून, आणि परसात पसरलं. ती हात न धुता फाटकाशी धावली. पाणी रेघेच्या खाली होतं. तिने पलीकडे नदीवरचा पूल दिसतो का पाहिलं. पूल दिसत नव्हता. ती परत आली, पुन्हा गेली. आता रेघ दिसेना.

"हे येतीलच इतक्यात," ती आत येऊन म्हणाली. "थोडं थांबू या का?"

सासू खाटेवरून उतरून भिंत धरून उभी होती. "मग रेघ कशाला मारलीस?"

गवंडिणीने विजेचं बटण बंद केलं, गोळ्या कमरेला खोचल्या, गॅसची टाकी बंद केली. दोघी परसात आल्या. पाणी घोट्यावर होतं आणि गार होतं. सासू पहिल्या पायरीवर बसली आणि हात मागे टेकले. पाऊस वाढला. पायऱ्या निसरड्या झाल्या. गवंडीण तिच्यासमोर खाली उभी राहिली, पाठ पाण्याकडे, तोंड सासूकडे. म्हातारी चढत होती तसं खालून पाणीही चढत होतं. गवंडिणीच्या पोटऱ्यांना लागत होतं. मध्यावर सासूचा हात घसरला. ती एक पायरी खाली आली, कोपर आपटलं. गवंडिणीने दोन्ही हात पुढे केले.

"हात नको," सासू म्हणाली. तिला धाप लागली होती. "पाय दाब. माझा चांगला पाय दाबून धर."

गवंडिणीने तिचं पाऊल दोन्ही तळहातांनी पायरीवर दाबून धरलं. सासूने त्या पायावर जोर दिला, हात रेटले आणि वर गेली. पुढच्या पायरीला पुन्हा तसंच. विटा वाहून घट्टे पडलेल्या हातांखाली तिला त्या म्हाताऱ्या पावलाची सगळी ताकद जाणवत होती. शेवटची पायरी सरली. सासू स्लॅबवर मागे सरकत आडोशाखाली गेली, भिंतीला टेकली आणि आधी कपडे ओढून गुडघे झाकले. मग म्हणाली, "शिंप्याला हाक मार. ते येडं मशीन धरून बसलं असेल."

ते मशीनच धरून बसलं होतं. शिंपी दारात कमरेभर पाण्यात उभा, मशीनचं डोकं छातीशी धरलेलं. शिंपीण त्याचा सदरा धरून मागे. गवंडिणीने पिशवीतली शिट्टी काढून फुंकली. परांचीचा दोर जिन्याच्या खांबाला बांधलेला होता. तिने दुसरं टोक कुंपणावरून फेकलं.

"मशीन ठेवा आणि दोर धरा."

"मशीन नाही ठेवणार," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच होता. "वहिनी, हे गेलं तर मी कोण?"

गवंडिणीला नवऱ्याची थापी आठवली. तीही त्याने खाली ठेवली नसती. ती जिना उतरली, छातीपर्यंत पाण्यात गेली, दोराला धरून कुंपणापर्यंत पोहोचली. "द्या इकडे." तिने मशीन घेतलं, चुंबळ नव्हती, तसंच डोक्यावर ठेवलं, एका हाताने तोललं, दुसऱ्या हाताने दोर धरला. ओझं तिच्या मानेला ओळखीचं होतं. शिंपी आणि शिंपीण दोराला धरून तिच्या मागे आले. ठेंगण्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, पण पाऊल चुकलं नाही. प्रत्येक पायरी तिच्या पायाला पाठ होती.

वर आल्यावर सासूने डबा उघडून मधोमध ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताने घ्या. इथे कुणी कुणाला वाढायचं नाही."

शिंपीण रडायला लागली. शिंप्याने मूठभर शेंगदाणे घेतले आणि बराच वेळ ते हातातच धरले. मग तो गवंडिणीला म्हणाला, "सुरुवात कशी करायची हो? आम्हाला काहीच माहीत नाही."

"पाण्यापासून," ती म्हणाली. "तेलाचे कॅन घेऊ नका."

रात्र त्यांनी घोंगड्यांत, एकमेकांना टेकून काढली. गवंडीण नदीपलीकडे बघत राहिली. तिकडे काही दिसत नव्हतं. सकाळी पाऊस संथ लागला होता, आणि पत्र्याच्या छपरांमधून एक नाव येताना दिसली. पुढे गवंडी उभा होता. त्याच्या अंगावर कालचंच प्लास्टर होतं. त्याने आधी आई पाहिली, मग बायको, आणि मग तो नावेत खाली बसला.

नावेतल्या माणसाने तोंडाशी हात धरून विचारलं, "इथे किती जण अडकलेत?"

"अडकलं कुणी नाही," गवंडिणीने कठड्यावरून उत्तर दिलं. "आम्ही चौघं आहोत. खाणं आहे, पाणी आहे, औषध आहे. खालच्या आळीत जा. तिथे बाळंतीण आहे."

तो माणूस गवंड्याकडे बघू लागला. गवंडी कठड्याला धरून वर यायला उठला होता.

"तू कुठे येतोस?" सासू म्हणाली. "तू नावेतच थांब. पाण्याखाली कुठे भिंत आहे, कुठे कुंपण आहे, ते या लोकांना काय ठाऊक? भिंती तू बांधल्यास ना?"

गवंडी बायकोकडे वळला. "तू बरी आहेस?"

"बरी आहे. जा तुम्ही." तिने वाकून एक भरलेला कॅन कठड्यावर ठेवला, मग दुसरा. "हे शाळेत द्या. तिथे प्यायला नसेल."

त्याने कॅन घेतले. नाव वजनाने खाली गेली आणि सावरली. शाबासकीचा एक शब्द त्याच्या ओठांशी आला होता, पण नावेत माणसं होती, म्हणून त्याने फक्त जिन्याकडे पाहिलं. पाण्याबाहेर वरच्या चारदोन पायऱ्या दिसत होत्या, ओल्या, ठेंगण्या, एकसारख्या. त्याने मान ताठ केली आणि नाव फिरवायला सांगितली. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज ऐकू आला, मोठा, कामावरचा: "डावीकडून घ्या. उजव्या हाताला भिंत आहे. माझी आहे, मला माहीत आहे."

गवंडीण तो आवाज विरेपर्यंत उभी राहिली. ओले कपडे अंगाला चिकटले होते, मान दुखत होती, आणि तिला वाटलं की अख्ख्या गावात या घडीला आपल्या घराइतकं उंच घर दुसरं नाही. मग तिने रिकामे झालेले कॅन ओढून पुढे घेतले आणि ताडपत्रीचं एक टोक शिंपिणीच्या हातात दिलं.

"धरा नीट. पाऊस आहे तोवर भरून घेऊ."